देवगांडुळांच्या बाई

बाईंच्या तोंडून 'छान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. बिल्डिंगमधली कुणी नवी साडी नेसून त्यांच्या दारात गेली आणि "कशी दिसतेय, बाई?" म्हणाली, की बाई तिला पायापासून डोक्यापर्यंत बघायच्या आणि सांगायच्या, "निळी आहे. काठ डाव्या बाजूला आखडलाय. फॉल उसवून परत लावून घे."

फॉल लावलेला असायचा मी. म्हणजे साडी तिची, अपमान माझा. पण संध्याकाळी मी ती साडी उलटी करून बघितली, की काठ खरंच आखडलेला असायचा.

बाई आमच्या शेजारी राहायच्या. नवघरच्या त्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मागच्या अंगाला दोनच घरं, एक त्यांचं, एक आमचं. मुंबईत एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून त्या रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. गिरगावातली भाड्याची खोली सोडून भाईंदरला आल्या, तेव्हा सगळे वरचे मजले शोधत होते. तळमजला कुणाला नको असायचा. ओल, डास, कचऱ्याचा वास. बाईंनी बिल्डरला विचारलं म्हणे, "मागे माती आहे ना?" तो म्हणाला, "लादी टाकून देतो ना मॅडम." बाई म्हणाल्या, "टाकलीस तर घर घेणार नाही." लादी न टाकण्यासाठी भांडणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं असणार.

मी संगमेश्वरकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसात साकव वाहून जायचा. लग्न होऊन भाईंदरला आले ती थेट ह्या तळमजल्यावर, तोही आमच्या ह्यांच्या मामाचा, भाड्यानं घेतलेला. हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. सकाळी जायचे ते अंगभर काळी भुकटी घेऊन रात्री यायचे. मधला आख्खा दिवस मी आणि शिलाई मशीन. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. गॅसची, दारावरच्या बेलची, केबिन रोडवर वाण्याशी हिंदीत बोलायची. ह्यांना यायला जरा उशीर झाला, की मशीनमध्ये हात गेला असेल, रुळात पडले असतील, सगळं मनात होऊन जायचं. मग मी बाईंच्या दारात.

"काय दिसलं?" बाई विचारायच्या. त्यांचा ठरलेला प्रश्न.

"हे अजून आले नाहीत."

"बास. एवढंच दिसलंय. बाकीचं तू शिवलंयस."

आणि मला बसायला स्टूल द्यायच्या. धीर देणं वगैरे त्यांना जमायचं नाही. होईल सगळं नीट, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, कारण ते त्यांना माहीत नसायचं. पण हे येईपर्यंत त्याही दारातच बसून राहायच्या, मांडीवर छत्री घेऊन.

छत्री बारा महिने. उन्हापावसाचा संबंध नाही. त्या छत्रीनं त्या पानं उलटायच्या, दगड हलवायच्या, भाजीवालीच्या पाटीतली शिराळी दाखवायच्या. कुठल्याही प्राण्याला 'अहो' म्हणायच्या, माणसांना 'अरे'. भिंतीवरच्या पालीला "अहो, जरा सरकता का, बटण दाबायचंय," असं म्हणताना मी ऐकलंय. पुढे माझी मुलगी झाली, तिलाही ती चालायला लागेपर्यंत त्यांनी 'अहो'च म्हटलं. चालायला लागल्यावर 'अगं'वर आल्या. का, ते विचारायचं राहून गेलं. आता त्या नाहीत.

त्यांची-माझी ओळख झाली ती एका किंचाळीनं. माझ्या.

मागच्या बाजूला बिल्डिंगच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत मातीची पट्टी होती. पूर्वी तिथे भातशेती होती. भराव घालून बिल्डिंग उभी राहिली, पण कोपऱ्यात जुना बांध तसाच राहून गेला होता. त्यावर एक काळा दगड, शेजारी केळीचा गड्डा. पावसाळ्यात एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले, तर पायाशी काहीतरी वळवळत चाललेलं. हातभर लांब, जांभळट राखाडी, तेल लावल्यासारखं चकचकीत. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, पत्ता नाही. मी ओरडले, "दुतोंड्या!" हे काठी घेऊन धावले.

"काठी खाली!" बाई खिडकीतून ओरडल्या. असा आवाज मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता. ह्यांनी खरंच काठी खाली ठेवली. बाई दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाहेर आल्या, माझ्या बादलीत हात बुडवला, ओल्या हातानं ते जनावर अलगद उचललं आणि आमच्यासमोर धरलं.

"साप? सापासारखे खवले दिसतायत? जीभ काढतोय?"

ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"हे देवगांडूळ. आणि गांडूळही नाही हं. गांडुळाला कणा नसतो. ह्याला कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. हे बेडकाच्या नात्यातलं."

"बेडकाला पाय असतात," हे हळूच म्हणाले.

"ह्याच्या पूर्वजांनाही होते. मातीत अडचण व्हायची. आम्ही नाही का गिरगावातलं कपाट तिथेच सोडून आलो, जिन्यात मावेना म्हणून?" मग स्वतःलाच टोकलं, "म्हणजे ठरवून नाही सोडले. पिढ्यान्‌पिढ्या जात जात गेले."

त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. त्याला धरायचं तर हात ओला हवा. ते कातडीनंही श्वास घेतं. फुप्फुसं आहेत, पण डावं नावापुरतं, कारण एवढ्या निमुळत्या अंगात दोन मावणार कुठे? कोरडा हात लागला, की त्याची कातडी सुकते. हाताचा खारट घामसुद्धा त्याला झोंबतो. डोळे आहेत, पण कातडीखाली झाकलेले. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक बारीक मिशी असते. ती आत-बाहेर करत ते वास घेत जातं. मी वाकून बघितलं, तर ती मिशी खरंच दिसली. सुईच्या टोकाएवढी.

"ह्याचं डोकं हीच ह्याची कुदळ," बाई म्हणाल्या. "कवटीची हाडं घट्ट सांधलेली. डोकं मातीत खुपसतं आणि मागून अंग ढकलतं. पण कसं ढकलतं, सांग? कातडी जागच्या जागी राहते आणि आतला कणा पुढे सरकतो."

मला ते लगेच दिसलं. "नेफ्यात नाडी सरकते तसं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. छान म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे कॉलेजात सांगायला हवं होतं. मी उगाच फळ्यावर बाण काढत बसायचे."

तो दिवस मी विसरलेले नाही. मला त्यांनी पुन्हा शाळेत घातलं, परीक्षेला बसवलं, असलं काही झालं नाही. मी फॉल-पिकोच करत राहिले. पण मी बघितलेलं कुणीतरी खरं धरतंय, हे मला नवीन होतं.

बिल्डिंगमध्ये त्यांना मागून 'गांडूळबाई' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. त्यांची तक्रार एवढीच, की नाव चुकीचं आहे, गांडुळांचा आपला अभ्यास नाही.

भाईंदरला तेव्हा पाण्याची मारामार. नळ यायचा तो मनात आलं तर. टँकर आला, की गेटाशी हंडे-कळश्यांची भांडणं. बोअरिंगचं पाणी खारट. अशात बाई पावसाळाभर पत्र्याच्या पन्हळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी साठवायच्या आणि उघडीप पडली, की ते मागच्या बांधावर शिंपडायच्या. वरच्या बायका गॅलरीतून बघून चडफडायच्या. "आमच्याकडे पोरांना आंघोळ नाही आणि ही मातीला घालतेय!" बाई खालून उत्तर द्यायच्या, "पोरांना खारं चालतं. ह्यांना चालत नाही."

आता त्या वर्षाचं सांगते. मला दिवस गेले होते. बाळंतपणाला गावी जायचं, की इथेच राहायचं, ह्यावर घरात रोज बोलणं चालू होतं. आषाढात एका दुपारी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साडीला पुढून गळ्यापर्यंत चिखल. त्यांचे गुडघे वाकत नसत, त्यामुळे दगडाखाली काही बघायचं तर त्या सरळ जमिनीवर पालथ्या पडायच्या. सगळ्या बिल्डिंगला त्याची सवय झाली होती.

"ये," म्हणाल्या.

त्यांनी काळ्या दगडाची एक कड छत्रीनं उचलून धरली. मी ओणवी झाले. खाली मातीत वाटीएवढी पोकळी, तिच्यात ते जांभळं वेटोळं आणि वेटोळ्याच्या मधोमध अंडी. भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखी, पण वाटाण्याएवढी, एका चिकट दोऱ्यात ओवल्यासारखी एकमेकांना धरून. एवढं दिसलं आणि बाईंनी दगड पुन्हा टेकवला.

घरात आल्यावर पाणी प्यायल्या, मग सांगितलं. सगळी नोकरी त्यांनी हे शिकवण्यात घालवली. मादी जमिनीखाली अंडी घालते, त्यांना वेटोळं घालून बसते, ती ओली ठेवते, बुरशी येऊ देत नाही, मुंग्यांपासून राखते. पुस्तकातलं वाक्य. दाखवायला काय, तर बरणीत पांढरं पडलेलं एक मेलेलं जनावर. स्वतः त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं.

"पिल्लं निघताना बघायचीयत. एकदा," त्या म्हणाल्या. त्यांना काही हवंय, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग घरात टोपलीत आणून ठेवूया ना."

"नाही. हलवलं तर ती अंडी टाकून जाईल, नाहीतर खाऊन टाकेल. तिथेच राहायला हवं. अडीच-तीन महिने."

"आणि तोवर ती खाणार काय?"

"फारसं काही नाही. सोडून जाता येत नाही ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडाशेजारी खड्डा करून प्लॅस्टिकचा एक टब जमिनीच्या बरोबरीत पुरला आणि पावसाला भरू दिला. ही पिल्लं निघाली, की सरपटत पाण्यात जातात. काही महिने पाण्यात काढतात आणि मग आईसारखी मातीत येतात. पूर्वी तिथे शेतातलं पाणी असायचं. आता गटार होतं. म्हणून टब.

आणि नेमका त्याच वर्षी सोसायटीनं पहिला गणपती बसवायचा ठरवला. सेक्रेटरी कांतीभाई, केबिन रोडवर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण कामाचा झपाटा भारी. पुढे रस्ता, बाजूला टाकी, म्हणून मंडपाला जागा एकच, मागची पट्टी. बांध काढायचा, सपाट करायचं, लादी बसवायची. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ते दोन बिगारी आणि कुदळी-फावडी घेऊन मागे आले.

बाई दगडावर जाऊन बसल्या.

"बेन, उठो ना. काम है."

"गणपतीनंतर कर."

"गणपती के लिए तो कर रहा हूँ!"

तेवढ्यात जनाआजी आली. ही नवघर गावातली म्हातारी. एरवी मासळी आणायची, पण श्रावणात मासळी कोण खातंय, म्हणून परड्यातली शिराळी-भेंडी पाटीत घालून यायची. तिनं कुदळी बघितल्या आणि पाटी खाली ठेवली. "उद्या नागपंचमी हाय. आज खनशील, उद्या अर्धा खड्डा उघडा टाकशील? नाग बाहेर येल तो तुझे घरान जाल."

कांतीभाईंनी बिगाऱ्यांकडे बघितलं. बिगाऱ्यांनी कुदळी खांद्यावर घेतल्या. "ठीक है. परसों."

एक दिवस मिळाला. पण जनाआजी नागाचं बोलली आणि बाई दगडावरून उठत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर गेलं, की मागच्या बांधात नागोबा आहे आणि गांडूळबाई त्याची राखण करतेय.

नागपंचमीला सकाळी बायका खाली उतरल्या. लाह्या, हळद-कुंकू, आणि प्रत्येकीच्या हातात दुधाची वाटी. सगळ्यात पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या रोह्याच्या काकू. गाव सोडून आल्यापासून वारूळ मिळालं नव्हतं बिचाऱ्यांना. दरवर्षी पाटावर चंदनानं नाग काढून भागवायच्या. आज खरा नाग दारात. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

बाईंनी दगडावर छत्री उघडून धरली.

"दूध ओतायचं नाही."

"अहो बाई, नैवेद्य आहे."

"ती कातडीनं श्वास घेते. दूध पडलं, हळद पडली, गुदमरून मरेल."

"नागाला दूध चालतं की!"

"चालत नाही. आणि हा नाग नाही."

मागे कांतीभाई उभे होते. सकाळचे कपाळाला टिळा लावून आलेले. त्यांनी हे बरोबर ऐकलं. "नाग नथी?" त्यांना बरंच वाटलं. "तो फिर बेन, कल से काम चालू. बरोबर?"

मी दारात उभी होते. बाईंचा चेहरा मला दिसत होता. नाग आहे, एवढं म्हणाल्या असत्या तर कुदळ टळली असती, पण दूध आलं असतं. नाग नाही म्हटल्यावर दूध टळलं, तर कुदळ आली. आणि खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं. त्या त्यांच्या कॉलेजच्या आवाजात सांगायला लागल्या, की हा उभयचर वर्गातला, पाय नसलेल्यांच्या गणातला प्राणी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाला काय कळणार? काकूंनी वाटी पुढे केली, कांतीभाईंनी घड्याळ बघितलं.

मी चार माणसांत कधी तोंड उघडत नसे. पण आवाज निघाला. "काकू, ती बाळंतीण आहे हो."

काकू माझ्याकडे वळल्या.

"बाळंतीण म्हणजे?"

"दगडाखाली अंडी आहेत तिची. त्यांना धरून बसलीय. काही खात नाही, कुठे जात नाही. मी बघितलंय."

बाईंनी तोंड उघडलं. त्या काय म्हणणार, ते मला ठाऊक होतं. बाळंतीण हा शब्द अंडी घालणाऱ्या मादीला लागू होत नाही. मी वाट बघत राहिले. बाईंनी तोंड मिटलं. त्यांनी चूक दुरुस्त न करता सोडलेली मी बघितली, ती एवढीच.

रोह्याच्या काकूंनी वाटी मागे घेतली. "अगं बाई! मग हे आधी नाही का सांगायचं? बाळंतिणीच्या अंगावर गार दूध ओतायला लावताय मला!"

"आनि बालंतनीचे डोक्यावर कुदल मारतंस काय रं, कांतीशेट?" जनाआजी म्हणाली.

कांतीभाई मेटाकुटीला आले. "अरे पण मंडप? मंडप किधर डालेगा मैं?"

"जिन्याखाली घाला," काकूंनी सांगितलं.

"उधर मीटर है सबका!"

"मीटरला पण नमस्कार करू," काकू म्हणाल्या. "आणि खणायचंच असेल, तर मोदक तुमच्या दुकानातून मागवा. आम्ही कुणी करणार नाही."

कांतीभाई जिन्याखालची जागा मोजायला गेले.

तर त्या वर्षी आमचा गणपती जिन्याखाली बसला. मखर मीटरच्या पेटीला टेकलेलं, आरतीला माणसं पायऱ्या-पायऱ्यांवर तिसऱ्या मजल्यापर्यंत उभी. बाई देवाधर्माच्या नव्हत्या, पण एक दिवस येऊन तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. आरती संपल्यावर खाली वाकून उंदीर बघितला आणि म्हणाल्या, "ही चिचुंद्री केलीय. तोंड बघा किती लांब." मूर्ती ठरवून आणणारे कांतीभाई म्हणाले, "बेन, इस साल चलने दो."

बाळंतीण म्हटल्यावर मागची पट्टी बाईंच्या हातात राहिली नाही. एकीनं वारा लागू नये म्हणून गोणपाट आणून दगडावर घातलं. दुसरीनं ओव्याची धुरी द्यायला शेगडी आणली. बाई छत्री घेऊन अशा आडव्या गेल्या, की ती शेगडीसकट परत. जनाआजीनं घरून गंजका कोयता आणला आणि दगडाशी मातीत रोवला. बाळंतिणीला लोखंड लागतं म्हणे उशाशी. बाईंनी विचार केला. "लोखंडानं काही बिघडत नाही. असू दे."

"आनि पाचवीला सटवाय येल ती लिवंल कनचे कपालावर?" जनाआजीला खरंच काळजी.

"डोकं भक्कम आहे," बाई म्हणाल्या. "जागा आहे लिहायला."

मला वाटतं, त्या दिवसांत बाईंना मजा येत होती. पण त्यांना ते कबूल करता यायचं नाही. वरून खाली जाता-येता बायका विचारायच्या, "कशी आहे?" आणि बाई सांगायच्या, "आज उघडून बघितलं नाही. पण मुंग्या नाहीत." एवढ्यावर बायका समाधानानं वर जायच्या.

मग भाद्रपदात पाऊस गेला. एकदम उन्हाळ्यासारखं ऊन. पिंपातलं पाणी तळाला लागलं. बाई सकाळ-संध्याकाळ मातीवर हात ठेवून बघायच्या. बोअरिंगचं खारं चालणार नव्हतं, टँकरच्या पाण्याला पावडरीचा वास. बायकांनी विचारलंसुद्धा, उकळून गार करून देऊ का? बाई नाही म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक आला. माती वरून फुटायला लागली होती. ओल गेली, की अंडी सुकणार, आणि अंडी सुकली, की इतके दिवस उपाशी बसलेली ती आई काय राखणार? त्या रात्री बाई जेवल्या नसाव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोरीत भांडी कोरडी होती.

जनाआजी आली, ती डोक्यावर पाटी नाही, हंडा. गावातल्या विहिरीचं पाणी. "गोरं हाय आमचं. आमचे सासऱ्याचे वक्तापासून," म्हणाली. गोडं म्हणायचं होतं तिला. बाईंनी ओंजळीत घेऊन चाखलं. मग हंडा उतरवून घेतला. पाऊस परत येईपर्यंत म्हातारी रोज एक हंडा आणत होती. धंदा सोडून. बाई तिला 'अहो' म्हणायला लागल्या होत्या.

गणपती गेल्यावर कांतीभाई पुन्हा आले, बिगाऱ्यांना घेऊन. पण पितृपंधरवडा लागला होता. बाईंनी काही म्हणायच्या आत तेच कपाळावर हात मारून म्हणाले, "श्राद्ध चालू है ना. नया काम नहीं कर सकते." बाई म्हणाल्या, "तुझ्या पितरांना माझा नमस्कार सांग."

त्या पंधरवड्यातच पाऊस आला. रात्रभर कोसळला. सकाळी माझ्या खिडकीच्या गजांवर छत्रीची टकटक. मला आठवा लागत होता. सावकाश उठून बाहेर गेले. बाई दगडाशी उभ्या होत्या, भिजलेल्या, पण पालथ्या पडलेल्या नव्हत्या. दगड तसाच होता.

"आधी तू बघ," म्हणाल्या.

"मी? बाई, तुम्ही इतके दिवस..."

"म्हणूनच. मला आता जे हवंय तेच दिसेल. तू बघ आणि सांग."

त्यांनी छत्रीनं दगड उचलून धरला. मी भिंतीला धरून खाली बसले. पोकळी होती. वेटोळं नव्हतं. चिकट दोरा पडला होता, त्याला रिकामी सालं. काही अंडी तशीच होती, पांढरी, वर कापसासारखं काहीतरी धरलेली.

"आई नाहीय," मी म्हटलं. "काही अंडी पांढरी आहेत. बाकीची फुटलीयत."

"टब."

मी टबाकडे सरकले. पावसानं काठोकाठ भरलेला. आधी नुसता गढूळ दिसला. मग तळाशी काहीतरी हललं. एक, त्याच्यामागे आणखी. बोटभर लांब, काळसर, शेपटाला बारीक झालर, आणि डोळे! उघडे डोळे, खसखशीच्या दाण्याएवढे. आईला नाहीत तसे.

"डोळे आहेत, बाई."

"असतातच. पाण्यात लागतात." मग हळूच, "हलतायत?"

"हलतायत. पुष्कळ आहेत."

तेव्हा बाई खाली आल्या. पालथ्या नाही. चिखलात बसल्याच, वाकत नसलेले पाय लांब सोडून, आणि टबावर ओणव्या झाल्या. किती वेळ बघत होत्या, सांगता येणार नाही. मध्येच पाण्याजवळ बोट न्यायच्या आणि न बुडवता मागे घ्यायच्या.

तोवर वर कळलं होतं. काकू उतरल्या, जनाआजी आलीच होती.

"सगळी निघाली का?" काकूंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही गेली."

माझा हात आपोआप पोटावर गेला असावा. जनाआजीनं ते बघितलं. "कुनाची सगली जगतान, बाय?" ती बाईंना म्हणाली, पण येऊन बसली माझ्याजवळ, आणि माझा गुडघा धरून ठेवला.

सगळ्याजणी टबाभोवती. ते बघ, हे बघ, तो मोठा, ही बारकी. काकू तर बारशाला घुगऱ्या करायच्या गोष्टी करायला लागल्या. मला मात्र ती रिकामी पोकळी दिसत होती. मी विचारलं, "बाई, आणि आई?"

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. "आज सगळे पिल्लांचंच विचारतायत," म्हणाल्या.

"कुठे गेली असेल? शोधूया?"

"नको. जेवायला गेली असेल. केवढी उपाशी होती."

मग त्यांनी माझ्या आणि काकूंच्या खांद्याचा आधार घेतला, उठल्या, चिखलानं माखलेली साडी झटकल्यासारखं केलं, आणि वरच्या गॅलऱ्यांकडे तोंड करून वर्गात बोलावं तसं मोठ्यानं बोलल्या, "ऐका सगळ्यांनी! ह्या कोपऱ्यात कुणी काही ओतायचं नाही, खणायचं नाही. ह्यांची आई बाहेर गेलीय. जेवतेय."

पहिल्या मजल्यावर कांतीभाई ब्रश तोंडात घेऊन उभे होते. त्यांनी ब्रश बाजूला केला.

"अच्छा बेन," ते म्हणाले. "खाने दो."